व्यसन उलटू नये म्हणून : मानसशास्त्राचे काही शब्द

(वर्षावासानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्ती या विषयावर मी बोलावे असे कार्यवाहांनी सुचविले. दारूचे दुष्परिणाम सांगणारी व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत. यकृत कसे खराब होते, संसार कसा उघडा पडतो, हे आपल्या वस्तीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्याची उजळणी मी करणार नाही. मला बोलायचे आहे ते दारू सोडलेल्या माणसाविषयी. केंद्रात राहून, औषधोपचार घेऊन, चार माणसांसमोर शपथ घेऊन जो घरी परत आला, तो काही महिन्यांनी पुन्हा का पितो? आणि त्याने पुन्हा पिऊ नये म्हणून त्याच्या घरच्यांनी व आपण शेजाऱ्यांनी काय करावे? मी डॉक्टर नाही. बँकेत लिपिक आहे. कला शाखेच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्र हा माझा विषय होता, त्याची गोडी पुढेही राहिली, म्हणून वाचत गेलो. त्यातले काही शब्द आज आपल्यासमोर ठेवतो. शब्द परके वाटले तरी त्यांमागची माणसे आपल्या ओळखीची आहेत, हे लगेच लक्षात येईल.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स' संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे मदतीची गरज भासावी इतका त्रास आहे. त्याहून विचार करायला लावणारा आकडा पुढे आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी फक्त एकाने कुठला तरी उपचार घेतल्याचे आढळले. म्हणजे उपचारापर्यंत पोचलेला माणूस हा ३८ जणांतला एक असतो. त्याला आपण सांभाळू शकलो नाही, तर उरलेल्या ३७ जणांनी कुणाकडे पाहून हिंमत धरावी?

आपल्या भागाला या कामाची चांगली परंपरा आहे. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे वैद्यकीय शिक्षण आपल्या सांगली जिल्ह्यात, मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. परंतु साताऱ्यात 'परिवर्तन' या संस्थेच्या द्वारे त्यांनी व्यसनमुक्तीचेही काम उभे केले होते, हे आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते. या संस्थांनी एक गोष्ट महाराष्ट्राला शिकविली. दारूचे व्यसन हा आजार आहे. ते केवळ चारित्र्याचे लक्षण नव्हे. आणि आजार म्हटला की तो उलटण्याचा धोका आलाच.

आपल्या बोलीत 'ताप उलटला' असे म्हणतात. आजारी माणूस बरा होऊन उठतो, चार दिवस हिंडतो, आणि ताप पुन्हा भरतो. इंग्रजीत याला 'रिलॅप्स' म्हणतात. केंद्रांतून हाच शब्द रूढ झाला आहे. व्यसन उलटणे हे काही जगावेगळे नाही. अमेरिकेतील मॅकलेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की उपचारानंतर वर्षभरात साधारण ४० ते ६० टक्के लोकांचे व्यसन उलटते, आणि रक्तदाब व दमा यांसारख्या दीर्घ आजारांत पथ्य मोडल्यावर त्रास उलटण्याचे प्रमाणही जवळपास असेच असते. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला 'निर्लज्ज' म्हणत नाही. त्याची गोळी चुकली का, जेवणात मीठ वाढले का, असे विचारतो. दारू सोडलेल्या माणसाला मात्र आपण असे विचारत नाही.

आता मानसशास्त्राचा पहिला शब्द. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली 'रिलॅप्स प्रिव्हेन्शन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी 'लॅप्स' आणि 'रिलॅप्स' असा फरक केला. लॅप्स म्हणजे पाय घसरणे. एखाद्या संध्याकाळी माणूस एक ग्लास पितो. रिलॅप्स म्हणजे पुन्हा पूर्वीच्याच खड्ड्यात जाऊन पडणे, रोजचे पिणे सुरू होणे. पाय घसरलेला प्रत्येक माणूस खड्ड्यात पडतोच असे नाही. कुणी सावरतो, कुणाला शेजारचा हात देतो. घसरणे आणि पडणे यांच्या मध्ये काही तास, काही दिवस असतात. त्या अवधीत काय घडते यावर पुढचे पुष्कळसे ठरते.

दुसरी गोष्ट अशी, की घसरण्याची सुरुवातही ग्लासापाशी होत नाही. आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. कर्जखाते एका रात्रीत बुडीत निघत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक धरतात. पण त्याआधी ३० दिवस, ६० दिवस असे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर खाते वेगळे काढून त्यावर नजर ठेवावी असा नियम आहे. ज्या शाखेत ३० दिवसांच्या टप्प्यावर खातेदाराची विचारपूस होते तिथली खाती वाचतात. व्यसनाचे असेच आहे. तो माणूस आधी पाठपुराव्याच्या बैठकीला जायचे टाळतो. मग रात्री उशिरा झोपू लागतो. चिडचिड वाढते. 'मला आता कुणाची गरज नाही, मी पूर्ण बरा झालो' असे म्हणू लागतो. जुन्या मित्रांचे फोन येऊ लागतात. ग्लास हा या साखळीतला शेवटचा दुवा असतो, आणि आपण मात्र त्यालाच पहिला समजतो. पहिल्या काही आठवड्यांत तर ही नजर विशेष हवी. १९७१ साली हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू, तंबाखू व हेरॉइन सोडलेल्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा तिन्ही व्यसनांत चित्र सारखेच निघाले. उलटण्याचे बहुतांश प्रसंग पहिल्या तीन महिन्यांतच आले होते.

यानंतरचा शब्द 'जोखमीची परिस्थिती'. मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळी व्यसने सोडलेल्या लोकांच्या ३११ 'पहिल्या घसरणी' तपासल्या. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के वेळा कारण होते खिन्नता, चिंता, राग, कंटाळा अशी मनाची अवस्था. सुमारे १६ टक्के वेळा कुणाशी तरी झालेले भांडण, आणि सुमारे २० टक्के वेळा इतरांचा आग्रह. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश घसरणी या तीन वाटांनी झाल्या. यांपैकी भांडण आणि आग्रह या दोन वाटा तर उघडच माणसामाणसांतल्या नात्यांच्या आहेत.

आपल्याकडच्या जोखमीच्या जागा मला वेगळ्या सांगायला नकोत. चैत्रातली गावची यात्रा आणि तिचे मटणाचे जेवण. लग्नाची हळद आणि वरात. उसाचे बिल जमा झाल्याचा दिवस, कारखान्याचा बोनस, पगाराची तारीख. जत तालुक्यातून ट्रॅक्टर भरून तोडीला गेलेली टोळी रात्री फडात मुक्काम करते, तिथली थंडी आणि अंगदुखी. ३१ डिसेंबरची रात्र. आणि स्पष्ट बोलायचे तर, १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतरची रात्रसुद्धा. ज्या महामानवाने धर्मांतराच्या वेळी आपल्याला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, त्याच्याच जयंतीच्या रात्री दारू सोडलेल्या माणसाला घराबाहेर पडण्याची भीती वाटावी, ही आपल्या सर्वांनी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

याच संदर्भात व्यसनमुक्ती केंद्रांत एक छोटी खूण शिकवतात. इंग्रजीतील 'हॉल्ट' म्हणजे थांबा. त्या शब्दाच्या चार अक्षरांवरून चार अवस्था लक्षात ठेवायच्या : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. तलफ आली की माणसाने आधी स्वतःला विचारायचे, यांपैकी मला काय झाले आहे? संध्याकाळी सहा वाजता उपाशीपोटी, साहेबाचे बोलणे खाऊन, दमून निघालेल्या माणसाला वाटते की आपल्याला दारू हवी आहे. त्याला खरे तर चार घास आणि दोन शब्द हवे असतात. घरच्या माणसालाही ही खूण उपयोगी आहे. दारात पाऊल टाकताच विजेच्या बिलाचा विषय काढण्याऐवजी आधी जेवायला वाढले, आणि बिलाचे बोलणे तासाभराने काढले, तर एक जोखमीची संध्याकाळ टळू शकते.

आणखी एक संकल्पना मार्लट यांनी मांडली. तिचा अर्थ 'वरवर निरुपद्रवी दिसणारे निर्णय' असा होतो. समजा, दारू सोडलेले एक गृहस्थ आहेत. कामावरून घरी जायला त्यांना दोन रस्ते आहेत. एके दिवशी ते ठरवतात, की आज स्टँडच्या बाजूने जाऊ, तिकडे भाजी स्वस्त मिळते. भाजी घेताना वाटते, इथपर्यंत आलोच आहोत तर अमक्या मित्राची उधारी मागून घेऊ. तो मित्र कुठे बसतो हे त्यांना माहीत आहे. यातला एकही निर्णय दारूचा नाही. भाजी घेणे चांगले, उधारी वसूल करणेही चांगले. पण तीन चांगल्या पावलांनी ते गृहस्थ बारच्या दारात पोचले, आणि तिथे त्यांनी म्हणावे, 'काय करणार, समोरच आली.' म्हणून सुरुवातीच्या काळात रस्ता बदलणे, पगाराच्या दिवशी घरच्या कुणाला बरोबर नेणे, खिशात गरजेपुरतेच पैसे ठेवणे, या साध्या गोष्टींना शास्त्राचा आधार आहे. त्यांत कमीपणा नाही.

तलफ आलीच तर काय करावे? तलफ ही लाटेसारखी असते. ती उठते, चढते आणि ओसरते. ती पाजल्याशिवाय जात नाही ही समजूत खोटी आहे. ती वाढत असताना तिच्याशी झुंजू नये, तिला शरणही जाऊ नये. श्वासावर लक्ष ठेवून, घशात, पोटात, हातांत काय होते आहे ते नुसते पाहत राहावे. मार्लट यांनी याला लाटेवर स्वार होणे असे म्हटले. इथे बसलेल्या ज्यांनी इगतपुरीला किंवा अन्यत्र दहा दिवसांचे शिबिर केले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. तो निव्वळ योगायोग नव्हे. अमेरिकेत सिएटलजवळच्या एका तुरुंगात १९९७ पासून सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यना शिबिरे झाली. त्यांचा अभ्यास मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व २००६ साली प्रसिद्ध केला. शिबिर केलेल्या कैद्यांचे सुटकेनंतरचे दारूचे व अन्य नशेचे प्रमाण शिबिर न केलेल्यांपेक्षा कमी आढळले. मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जावे लागतात. ध्यान हे त्यानंतरचे.

आता मी ज्या शब्दासाठी हा विषय निवडला त्याकडे येतो. माणसाचा पाय घसरला की त्याच्या मनात काय होते? 'मी शपथ मोडली. मी नालायकच आहे. आता मोडलीच आहे, तर एक काय आणि दहा काय!' या मनःस्थितीला मार्लट यांनी 'व्रतभंगाचा परिणाम' या अर्थाचे नाव दिले. त्यांचे निरीक्षण असे, की पहिल्या ग्लासापेक्षा या विचाराने अधिक नुकसान होते. ज्याने आपल्या घसरण्याचे कारण 'माझा स्वभावच दुबळा' असे धरले, तो पुढे पितच राहतो. ज्याने 'त्या दिवशी मी हळदीला एकटा गेलो, ते टाळायला हवे होते' असे कारण शोधले, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहू शकतो. गंमत अशी, की जितकी शपथ जाहीर आणि कडक, तितकी ती मोडल्यावर शरम मोठी. आणि शरमेवर त्या माणसाला ठाऊक असलेले औषध एकच असते.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पंचशीलातील प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हटले आहे. शिक्षापद, म्हणजे शिकण्याची पायरी. पाचव्या शीलात मद्याबरोबर 'पमाद' हा शब्द आला आहे, त्याचा अर्थ बेसावधपणा. आणि हे शील आपण आयुष्यात एकदाच घेऊन थांबत नाही. प्रत्येक वंदनेला, प्रत्येक पौर्णिमेला, लग्नकार्याला आणि दुःखाच्या प्रसंगीही ते पुन्हा ग्रहण करतो. जी गोष्ट पुन्हा पुन्हा घ्यायची असते, ती घसरलेल्या माणसालाही पुन्हा घेता येते. तेव्हा ज्याचा पाय घसरला त्याने वंदनेला यायचे बंद करू नये, आणि तो आला तर मागच्या रांगेत कुजबूज होऊ नये. त्याने तोंड लपवून घरी बसणे हीच व्रतभंगाच्या परिणामाची पहिली पायरी आहे. विहाराचे दार त्याच्यासाठी त्या दिवशी विशेष उघडे असले पाहिजे.

आता घराकडे वळू. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञांचे माणसामाणसांतल्या 'खेळां'विषयीचे गाजलेले पुस्तक १९६४ साली आले. त्यात त्यांनी मद्यपी माणसाभोवती चालणाऱ्या एका खेळाचे वर्णन केले आहे आणि त्यात पाच पात्रे सांगितली आहेत. एक स्वतः मद्यपी. दुसरे पात्र छळणाऱ्याचे, जे रात्री त्याला बोल लावते. तिसरे तारणाऱ्याचे, जे त्याला डॉक्टरकडे नेते, त्याच्या वतीने रदबदली करते. चौथे भोळ्या माणसाचे, जे उधार देते, खाऊ घालते, त्याची कहाणी ऐकून खिशात हात घालते. पाचवे पुरवठादाराचे. बर्न यांचे म्हणणे असे, की एकच व्यक्ती दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी ही निरनिराळी कामे करू शकते. आपल्या घरांत काय दिसते? तीच पत्नी रात्री भांडते, सकाळी त्याच्या साहेबाला फोन करून 'त्यांना ताप आहे' असे सांगते, आणि संध्याकाळी कटकट नको म्हणून पन्नास रुपये हातावर ठेवते. आई सुनेपासून लपवून पैसे देते. भाऊ दुकानाची उधारी फेडतो. सारे प्रेमापोटी चालते. याला 'पाठीशी घालणे' म्हणतात. त्यामुळे व्यसनाचा जो हप्ता त्या माणसाने भरायचा, तो घरचे भरत राहतात, आणि त्याला थकबाकीची नोटीस कधी लागतच नाही.

मग कठोर व्हावे का? इथे दुसरा अभ्यास लक्षात घ्यावा लागतो. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण बरे होऊन आईवडिलांकडे वा पत्नीकडे परतले, तर भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा त्यांचा आजार अधिक वेळा उलटत होता. पुढील संशोधनातून 'व्यक्त भावना' ही संकल्पना आली. घरात सतत टीका, वैरभाव, किंवा अति गुंतलेली काळजी असली, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. दारूच्या बाबतीतही ओफॅरेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अमेरिकेत असेच निष्कर्ष मांडले. ज्या घरी जोडीदाराची टीका व वैरभाव अधिक, तिथे माणूस लवकर प्याला. चंदीगडमधील कुटुंबांचाही लंडनच्या कुटुंबांशी तुलना करून अभ्यास झाला आणि तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याकडची माणसे लंडनकरांपेक्षा कमी टीका करताना आढळली, ही समाधानाची बाब. पण कौतुकाचे शब्दही ती कमीच बोलत होती! हे वाचून मला आपली घरे आठवली. चाळीस दिवस न प्यालेल्या माणसाला 'बरे केलेस' असे म्हणायला आपली जीभ उचलत नाही.

म्हणून दोन गोष्टी एकत्र साधाव्या लागतात. वागणुकीत ठामपणा आणि शब्दांत ऊब. 'मी तुमच्या साहेबांना खोटे सांगणार नाही, उधारी फेडणार नाही. पण बैठकीला जायचे असेल तर मी बरोबर येते,' हे वाक्य दोन्ही साधते. 'तू सुधारणार नाहीस, तुझा बापही असाच होता,' हे वाक्य दोन्ही मोडते. दारू सोडलेला माणूस अपेक्षा करतो की महिन्याभरात सर्वांनी आपल्यावर विश्वास टाकावा. तो टाकला नाही की चिडतो. त्याला समजावून सांगितले पाहिजे की विश्वास हप्त्याहप्त्याने परत मिळतो. पण घरच्यांनीही भरलेल्या हप्त्याची पावती दिली पाहिजे. रोज त्याचे तोंड हुंगून पाहणे, खिसे तपासणे, आणि बायकोने पतीच्या चहात त्याच्या नकळत गोळी घालणे, याने पावती मिळत नाही. शिवाय त्या गोळीत धोका आहे. दारू पिताच त्रास व्हावा यासाठीचे डायसल्फिराम हे औषध डेन्मार्कमध्ये १९४८ साली प्रचारात आले. ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. नकळत दिले आणि त्यावर तो प्याला तर रक्तदाब एकदम घसरून प्राणावर बेतू शकते.

माझ्या भगिनींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर या सगळ्याचा चुकीचा अर्थ निघेल. घरातल्या टीकेमुळे व्यसन उलटू शकते याचा अर्थ 'तो बायकोमुळे पितो' असा नाही. ग्लास उचलणारा हात त्याचाच असतो. मार खाऊन गप्प बसणे हा कुठल्याही शास्त्राने सांगितलेला उपचार नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि त्याचा आधार घेण्यात पाप नाही. शिवाय व्यसनी माणसाबरोबर वर्षे काढताना पत्नीचे स्वतःचे जगणेच त्याच्या पिण्याभोवती फिरू लागते. तो आज प्याला की नाही, यावर तिची झोप, तिची भूक, तिचे हसणे ठरते. याला सहअवलंबन म्हणतात, आणि त्यातून बाहेर पडायला तिलाही मदत लागते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही पिणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन १९५१ मध्ये निघाली. मुक्तांगणनेही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला. नवरा केंद्रात असो वा नसो, पत्नी अशा गटात जाऊ शकते. तिने आधी स्वतःची झोप परत मिळवावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी हा प्रश्न असेल. वडिलांना दारू सोडायला लावणे हे तुमच्या माथी मारलेले काम नाही. तुम्ही अधिक मार्क मिळवले असते तर ते प्याले नसते, असेही नाही. तुमचे काम अभ्यास करणे हे आहे, आणि ज्यांच्याशी बोलता येईल असा एक शिक्षक, मामा किंवा मावशी शोधून ठेवणे हे आहे. बोलायला कुणीच नसेल तर 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तिचा क्रमांक १४४१६. नशामुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे. दोन्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

शेवटी आपल्या संस्थेने काय करावे, याविषयी चार सूचना मांडतो. त्यांना पैसा फारसा लागत नाही. पहिली, केंद्रातून कुणी परत आले की पहिले ९० दिवस संस्थेच्या दोन सभासदांनी आळीपाळीने त्याच्याकडे आठवड्यातून एकदा जावे. उपदेश करू नये, चहा प्यावा, कामाधंद्याची चौकशी करावी, आणि पाठपुराव्याच्या बैठकीला तो गेला की नाही एवढे पाहावे. दुसरी, आपल्या वस्तीतील हळद, वरात आणि जयंतीची मिरवणूक यांत दारू येणार नाही असे आयोजकांकडून आधी कबूल करून घ्यावे. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत दूधवाटपाचे कार्यक्रम होतात. तसे काही आपण जयंतीच्या रात्रीही करू शकतो. तिसरी, त्याला काही जबाबदारी द्यावी. वाचनालयाची किल्ली, सतरंज्या मोजून ठेवणे, मुलांच्या क्रीडास्पर्धांची व्यवस्था. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत ज्याला कुठेतरी वेळेवर पोचायचे असते, त्याची ती वेळ निभावते. मात्र सुरुवातीला वर्गणीची रोकड त्याच्या हाती देऊ नये. त्याच्यावर संशय आहे म्हणून नव्हे, तर पैसे हाती असणे ही त्याच्यासाठी जोखमीची परिस्थिती आहे म्हणून, आणि हे त्याला मोकळेपणी सांगावे. चौथी सूचना सर्वांत अवघड आहे. तो घसरला तर त्या बातमीची चव चाखत वस्तीभर फिरू नये. ज्याला कळेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना, त्याच्या घरी जावे आणि एवढेच विचारावे, 'काल काय झाले? कुठून सुरुवात झाली?' आणि मग त्याला घेऊन डॉक्टरकडे किंवा केंद्राकडे जावे.

आज मी जे शब्द सांगितले ते विसरले तरी चालेल. दोन प्रश्न मात्र लक्षात ठेवा. घसरण्याआधीच्या आठवड्यांत विचारायचा प्रश्न, 'बैठकीला गेला होतास का, जेवलास का, झोप येते का?' आणि घसरल्यानंतर विचारायचा प्रश्न, 'उद्या सकाळी मी येऊ का?' हे दोन प्रश्न विचारायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या वस्तीत अशी दोन-तीन तरी घरे आहेत, जिथे कुणीतरी आज संध्याकाळी हे विचारण्याची गरज आहे. ती घरे कोणती हे आपणा सर्वांना माहीत आहे.